जुनं यंत्र, नवी प्रणाली आणि मधला इम्युलेटर

१९७१ साली इंटेलने ४००४ ही चिप बाजारात आणली. मुळात ती बिझिकॉम या जपानी कंपनीच्या आकडेमोडीच्या यंत्रासाठी घडवलेली होती. तिच्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. ती एका वेळी चार बिट हाताळायची, घड्याळाचा वेग जास्तीत जास्त ७४० किलोहर्ट्झ, आणि प्रोग्रॅम ठेवायला जागा ४ किलोबाइट. दोन संख्यांचं ‘अँड’ किंवा ‘ऑर’ काढणारी साधी सूचनाही या चिपला नाही. इंटरप्टची सोय नाही. एका सबरुटीनमधून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या सबरुटीनमध्ये जाता येतं. त्याहून खोल गेलं की परतीचा पत्ता हरवतो. अशा चिपवर २०२४ च्या सप्टेंबरात दिमित्री ग्रिनबर्ग यांनी डेबियन लिनक्स चालवून दाखवलं. यंत्र सुरू केल्यापासून कमांड प्रॉम्प्ट दिसेपर्यंत ४.७६ दिवस लागतात.

४००४ साठी लिनक्सची वेगळी आवृत्ती कुणी लिहिलेली नाही, आणि कुणाला लिहिताही येणार नाही. ग्रिनबर्ग यांनी त्या चार किलोबाइटांत एक इम्युलेटर बसवला. मिप्स या ३२ बिटांच्या प्रोसेसरचं आणि त्याभोवतीच्या डेकस्टेशन या वर्कस्टेशनचं सोंग वठवणारा हा प्रोग्रॅम. लिनक्सच्या दृष्टीने ते १९८० च्या दशकाच्या अखेरच्या एका सभ्य यंत्रावर चाललेलं असतं. प्रत्यक्षात मिप्सची एकेक सूचना पार पाडायला ४००४ च्या शेकडो सूचना खर्ची पडतात. मेमरी मात्र त्या काळातली नाही. ती आजची आहे आणि बाहेरून जोडलेली आहे.

जुन्या यंत्रावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम का चालत नाही, असं विचारलं तर बहुतेक जण ‘ते मंद आहे म्हणून’ असं सांगतील. ४००४ ने हे उत्तर निकालात काढलं आहे. मंदपणाची किंमत वाट पाहून चुकवता येते. वाट पाहून मिळत नाहीत अशा गोष्टी दोनच : पुरेशी मेमरी, आणि त्या यंत्रासाठी काम करायला तयार असलेली माणसं. गेल्या पन्नास वर्षांत इम्युलेशनने ऑपरेटिंग सिस्टीमना जुन्या किंवा दुबळ्या यंत्रांवर कसं नेलं, हे पाहू लागलं की घोडं दर वेळी या दोहोंपैकी एका जागी अडलेलं दिसतं. माझ्या मते त्यातली दुसरी जागा अधिक अवघड आहे. इम्युलेशनचा खरा उपयोगही तिथेच आहे.

आधी मेमरीचा भाग. यंत्राच्या आतच इम्युलेटर बसवायचा आणि त्याच्यावर ऑपरेटिंग सिस्टीम चालवायची, ही कल्पना ग्रिनबर्ग यांच्या प्रयोगापेक्षा फार जुनी आहे, आणि एके काळी ती पूर्णपणे व्यवहारी होती. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सॅन दिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात केनेथ बोल्स यांच्या गटाने यूसीएसडी पी-सिस्टीम तयार केली. या प्रणालीत पास्कल भाषेतला प्रोग्रॅम कुठल्याही खऱ्या प्रोसेसरच्या भाषेत उतरत नसे. तो ‘पी-कोड’ नावाच्या कल्पित यंत्राच्या भाषेत उतरे. कंपायलर, संपादक, फायली सांभाळणारा भाग, सगळं त्याच भाषेत. नव्या यंत्रावर न्यायचं तर फक्त त्या कल्पित यंत्राचा इंटरप्रिटर लिहायचा. त्यामुळे हीच प्रणाली डीईसी या संगणक-कंपनीच्या एलएसआय-११ वर, ॲपल टूच्या ६५०२ वर आणि आणखी कितीतरी चिपांवर गेली. १९८१ मध्ये आयबीएम पीसी आला, तेव्हा त्यासाठी जाहीर झालेल्या तीन ऑपरेटिंग सिस्टीमपैकी एक हीच होती.

पी-सिस्टीमवर मंदपणाचा शिक्का बसला आणि बाजारात ती हरली. पण तिच्या रचनेत एक शहाणपण होतं आणि ते आज विसरलं गेलंय. पी-कोड अतिशय आटोपशीर होता. खऱ्या ६५०२ च्या भाषेत तोच कंपायलर लिहिला असता, तर ४८ किंवा ६४ किलोबाइटांत त्याला बसायला जागाच मिळाली नसती. म्हणजे इथे इम्युलेशन वेग घालवून जागा विकत घेत होतं. स्टीव्ह वॉझनियाक यांनी ॲपल टूच्या रॉममध्ये ठेवलेला ‘स्वीट १६’ याच जातीचा. आठ बिटांच्या चिपवर चालणारा, सोळा बिटांचा एक कल्पित प्रोसेसर. त्याने घेतलेली जागा जेमतेम तीनशे बाइट. मेमरी महाग असताना असे सौदे शहाणपणाचे होते.

आजच्या प्रयोगांत सौदा उलटा झाला आहे. लिनक्सला किमान काही मेगाबाइट हवेतच, आणि जुन्या यंत्राकडे ते नसतात. ग्रिनबर्ग यांनी २०१२ मध्येही असाच एक प्रयोग केला होता. आठ बिटांचा एटीमेगा १२८४पी हा मायक्रोकंट्रोलर, त्याची स्वतःची रॅम १६ किलोबाइट. त्याला जुन्या पीसीतली १६ मेगाबाइटची मेमरीपट्टी जोडली आणि आत एआरएम प्रोसेसरचा इम्युलेटर लिहिला. नक्कल केलेल्या एआरएमचा प्रत्यक्ष वेग ६.५ किलोहर्ट्झच्या आसपास भरला, आणि कमांड प्रॉम्प्टपर्यंत पोहोचायला सुमारे दोन तास लागले. २०२३ मध्ये कमोडोर ६४ या १९८२ सालच्या घरगुती संगणकावर लिनक्स नेण्याचा जो प्रयोग झाला, त्यात आत रिस्क-फाइव्ह प्रोसेसरचा इम्युलेटर होता आणि बाहेर १६ मेगाबाइटचं मेमरी-विस्तारक. कमोडोरने स्वतः विकलेल्या अशा विस्तारकांची मजल ५१२ किलोबाइटपर्यंतच होती. म्हणजे ‘कमोडोरवर लिनक्स’ या वाक्यात कमोडोरकडून आलेला भाग प्रोसेसरचा, आणि लिनक्सला जगवणारा भाग बाहेरच्या मेमरीचा.

या कमोडोरच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट लक्ष देण्याजोगी आहे. त्याची प्रसिद्ध झालेली चित्रं ‘व्हाइस’ या कमोडोर-इम्युलेटरवर, घड्याळ सुसाट पळवून काढलेली होती. त्यालाही काही तास लागले. खऱ्या यंत्राला आठवडाभर लागेल हा त्यावरून मांडलेला अंदाज. म्हणजे आधुनिक पीसीवर कमोडोरचं सोंग, त्या सोंगाच्या पोटात रिस्क-फाइव्हचं सोंग, आणि त्यावर लिनक्स. या साखळीत खरं जुनं यंत्र कुठेच नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल, आणि तिथे तो बराच गंभीर होतो.

पूर्ण प्रोसेसरची नक्कल न करता, फक्त उणीव असलेल्या सूचनांची नक्कल करणं हा दुसरा मार्ग. ज्याला रोज वापरायचं जुनं यंत्र टिकवायचंय त्याच्यासाठी खरा कामाचा मार्ग हाच. प्रोसेसरला अनोळखी सूचना भेटली की तो थांबून कर्नलला हाक मारतो. कर्नल ती सूचना वाचतो, तिचं काम सॉफ्टवेअरने करून देतो, आणि प्रोग्रॅमला पुढच्या ओळीवर सोडतो. प्रोग्रॅमला काही कळत नाही, फक्त त्या एका सूचनेला शेकडो पट वेळ लागतो. लिनक्सने ३८६ आणि ४८६एसएक्स या दशांशगणिताचा वेगळा भाग नसलेल्या चिपांना वर्षानुवर्षं असंच सांभाळलं. मोटोरोलाने ६८०४० चिप काढताना आधीच्या गणिती सहप्रोसेसरच्या साइन-कोसाइनसारख्या सूचना गाळल्या आणि त्या भरून काढणारं सॉफ्टवेअर स्वतःच पुरवलं. डीईसीने मायक्रोव्हॅक्सच्या चिपमधून व्हॅक्सच्या काही सूचना वगळल्या आणि त्यांचा भार आपल्या व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टीमवर टाकला. ही उदाहरणं पाहिली की ‘या प्रोसेसरवर ही प्रणाली चालत नाही’ हे विधान किती सैल आहे ते कळतं. चालत नाही याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की उणीव भरून काढण्याचं काम कुणी केलेलं नाही.

अर्थात या मार्गालाही मर्यादा आहे, आणि ती वेगाची नाही. २००५ च्या डेबियन सार्जमध्ये ३८६ यंत्रांसाठी कर्नलला एक पॅच लावलेला होता. सी++ ची ग्रंथालयं ४८६ च्या नव्या सूचना गृहीत धरू लागली होती आणि हा पॅच त्या सूचना ३८६ वर वठवत होता. त्यातल्या काही सूचना ‘अखंड’ प्रकारच्या आहेत : वाचणं, ताडणं आणि लिहिणं हे एका दमात, मध्ये कुणालाही शिरू न देता करणाऱ्या. यंत्रात एकच प्रोसेसर असेल तर कर्नल ही हमी देऊ शकतो. दोन प्रोसेसर असतील तर नक्कल चालू असताना दुसरा मध्ये शिरू शकतो आणि हमी मोडते. ३८६ ला हे चाललं, कारण ती यंत्रं जवळजवळ सगळी एकट्या प्रोसेसरची. शेवटी लिनक्सच्या ३.८ या आवृत्तीतून, म्हणजे २०१३ च्या आरंभी, ३८६ चा आधार काढून टाकला गेला. ज्या जातीच्या यंत्रावर लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स लिहिलं, तीच जात. कारण वेगाचं नव्हतं. ३८६ च्या विचित्र सवयींसाठी कोडमध्ये ठेवावे लागणारे अपवाद सांभाळायला कुणी राजी नव्हतं. पुन्हा माणसंच.

या मार्गावरचं मला सर्वांत सुंदर वाटणारं उदाहरण अलीकडचं आणि मॅकचं आहे. २०२२ मधल्या मॅकओएस व्हेंचुराने इंटेल यंत्रांसाठी एव्हीएक्स२ या सूचनासंचाची अट घातली. हा संच २०१३ च्या हॅसवेल पिढीपासूनचा. त्याआधीचे मॅक, अगदी २०१३ चा दंडगोल मॅक प्रोसुद्धा, बाहेर पडले. पण त्याच सुमारास ॲपल स्वतःच्या नव्या चिपांवर इंटेलचे प्रोग्रॅम चालवत होतं ते रोझेटा या अनुवादक-इम्युलेटरच्या जोरावर, आणि त्या काळच्या रोझेटाला एव्हीएक्स२ येत नव्हतं. त्यामुळे ॲपलला नव्या चिपांच्या मॅकसाठी इंटेल ग्रंथालयांचा एव्हीएक्स२ विरहित संच बनवून ठेवावा लागला. जुन्या मॅकवर नवी मॅकओएस बसवणाऱ्या ओपनकोअर लेगसी पॅचरच्या कार्यकर्त्यांनी नेमका तोच संच उचलला आणि जुन्या इंटेल मॅकना दिला. नव्या यंत्रावरच्या इम्युलेटरच्या मर्यादेमुळे जुन्या यंत्रांना आयुष्य मिळालं! २००८ च्या मॅक प्रोंसाठीही अशीच धडपड झाली. तिथे ग्राफिक्स ड्रायव्हरना लागणाऱ्या एसएसई४.२ च्या सूचना ‘माउस’ नावाचा एक छोटा कर्नल-जोड वठवून देतो. ही माणसं ॲपलची नोकर नाहीत. ज्यांच्या घरी असे मॅक अजून चालू आहेत, त्यांनी त्यांचं ऋण मानायला हवं.

आता तिसरा आणि माझ्या दृष्टीने मुख्य भाग. इथे इम्युलेटर जुन्या यंत्राच्या आत नसतो, तो विकसकाच्या टेबलावरच्या नव्या यंत्रात असतो, आणि प्रणाली जुन्या यंत्रावर नेण्याचं काम त्याच्यावर होतं.

ही परंपरा वैयक्तिक संगणकाच्या जन्मापासूनची. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली ती पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर, इंटेलच्या ८०८० चिपच्या स्वतःच लिहिलेल्या सिम्युलेटरच्या आधाराने. पुढल्या वर्षी पॉल ॲलन यांनी हार्वर्डच्या पीडीपी-१० वर असाच ८०८० चा सिम्युलेटर लिहिला, आणि बिल गेट्स यांनी माँटी डेव्हिडॉफ यांच्या साथीने त्यावर बेसिक उभं केलं. हे बेसिक ज्या अल्टेअर संगणकासाठी होतं, तो ॲलन अल्बुकर्कीला गेले तोवर त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेलाही नव्हता. कागदी फीत लावली आणि प्रोग्रॅम पहिल्याच फटक्यात चालला. हा सिम्युलेटर निव्वळ इंटेलची पुस्तिका वाचून लिहिलेला होता. पुढे एएमडीच्या ६४ बिटांच्या चिपा एप्रिल २००३ मध्ये दुकानात आल्या, त्याच्या दोनेक वर्षं आधीच सिम्युलेटरवर लिनक्स आणि नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीम चालू झालेल्या होत्या. जी चिप अजून नाही तिच्यासाठी जे केलं जातं, तेच जी चिप आता जवळजवळ उरलेली नाही तिच्यासाठीही करता येतं. यंत्र हाताशी नसणं ही अवस्था दोन्हीकडे सारखीच आहे.

इम्युलेटरवर काम करण्यातला फायदा वेगापेक्षा दिसण्याचा आहे. कर्नल नव्या यंत्रावर नेताना पहिले काही दिवस अंधारातले असतात. स्क्रीनचा ड्रायव्हर लिहिलेला नसतो, सिरियल पोर्ट बोलत नसतो, आणि यंत्र नुसतं गप्प बसतं. कुठल्या ओळीवर अडलं हे समजायला जुने लोक एखादा एलईडी पेटवण्याची सूचना इथेतिथे पेरून पाहत. इम्युलेटरमध्ये प्रत्येक सूचनेची नोंद काढता येते, मेमरीचा कुठलाही पत्ता उघडून पाहता येतो, अडण्याच्या क्षणाच्या आधीची अवस्था जपून ठेवून पुन्हापुन्हा तिथून सुरुवात करता येते. बाहेरून डीबगर जोडता येतो. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या क्यूइम्यूने ही सोय कितीतरी प्रोसेसरांसाठी एकाच जागी आणली. त्याआधीपासून बॉब सप्निक यांचा सिमएच डीईसीच्या पीडीपी आणि व्हॅक्स यंत्रांसाठी हेच करत होता. हे सप्निक डीईसीमध्येच वरिष्ठ पदावर होते, आणि त्यांच्या सिम्युलेटरमध्ये त्या यंत्रांची जी जाण दिसते ती पुस्तिकांतून मिळणारी नाही.

माणसांच्या टंचाईवर इम्युलेशन काय करू शकतं, हे पाहायचं तर डेबियनच्या एम६८के आवृत्तीचा इतिहास पाहावा. अमिगा, अटारी आणि जुन्या मॅकिंटॉशांतला मोटोरोला ६८००० चा वंश तो हा. १९९८ च्या डेबियन २.० मध्ये इंटेलच्या जोडीला आलेली ही पहिली आवृत्ती. पण २००७ चा डेबियन एच तिच्याविना प्रसिद्ध झाला. हजारो पॅकेजं खऱ्या ६८०४० आणि ६८०६० यंत्रांवर बांधायला इतका वेळ लागे की ही आवृत्ती कायम इतरांच्या मागे पडे. त्यातच ग्रंथालयांना हवी असलेली थ्रेडसाठीच्या स्थानिक साठ्याची सोय या वंशात तोवर आलेली नव्हती. ती आल्यावर, २०११-१२ च्या सुमारास, थॉर्स्टन ग्लाझर यांनी मुख्यतः अरॅनिम या अटारी-इम्युलेटरवर पॅकेजं बांधत ही आवृत्ती पुन्हा उभी केली. साधा पीसी अरॅनिमवर खऱ्या अटारीला मागे टाकतो. पुढे क्यूइम्यूचा दुसरा प्रकार वापरात आला. त्यात पूर्ण यंत्राची नक्कल नसते. एकट्या प्रोग्रॅमची सूचना-भाषा बदलली जाते आणि कर्नलकडच्या मागण्या थेट पीसीच्या लिनक्सकडे जातात. बांधकामासाठी हा प्रकार फार सोयीचा ठरला. आज ही आवृत्ती डेबियनच्या अनधिकृत पोर्टांमध्ये जिवंत आहे.

तरीही इम्युलेटरने सगळं काम केलं असं म्हणणं चुकीचं होईल. जीसीसी कंपायलरने २०१९ च्या सुमारास आपली एक जुनी अंतर्गत पद्धत काढून टाकायचं ठरवलं, तेव्हा ती पद्धत न सोडलेले एम६८के आणि व्हॅक्स हे दोन्ही विभाग रद्द होणार होते. एम६८के साठी लोकांनी वर्गणी काढली आणि बर्न्ट श्मिट यांनी ते काम केलं. व्हॅक्सचं काम माचेय रोझित्स्की यांनी केलं. हे झालं नसतं तर जगातला उत्तमोत्तम इम्युलेटर असूनही त्यावर चालवायला नवी प्रणाली बांधताच आली नसती. जुन्या यंत्राचा शेवट बहुधा कर्नलमध्ये होत नाही, कंपायलरमध्ये होतो. याविषयी फार कमी बोललं जातं.

आता मघाशी बाजूला ठेवलेला मुद्दा. इम्युलेटरवर चाललेली प्रणाली खऱ्या यंत्रावर चालेल याची खात्री काय?

खात्री नाही, आणि यामागची कारणं ठोस आहेत. बहुतेक इम्युलेटर प्रोसेसरच्या कॅशची नक्कल करत नाहीत, कारण ती केली तर वेग कोसळतो. त्यामुळे योग्य जागी कॅश रिकामी करायला विसरलेला कर्नल क्यूइम्यूवर निर्धोक चालतो आणि खऱ्या ६८०४० वर चकतीवरून आलेला मजकूर बिघडवून बसतो. इम्युलेटरची मेमरी सुरुवातीला शून्यांनी भरलेली असते. खऱ्या रॅममध्ये वीज येताच काय असेल याचा नेम नाही, आणि किंमत न देता वापरलेला चल तिथे उघडा पडतो. नकली चकती मागितल्याबरोबर उत्तर देते. खरी चकती फिरते, डोकं सरकतं, आणि इंटरप्ट अशा क्षणी येतो जेव्हा ड्रायव्हर तयार नसतो. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या विकसकांनी प्रत्येक आवृत्ती त्या-त्या खऱ्या यंत्रावरच बांधायचा आग्रह धरला तो म्हणून. त्याची किंमतही त्यांनी मोजली. २०१६ च्या ५.९ नंतर त्यांनी व्हॅक्स सोडून दिलं. नेटबीएसडीने उलट बाजू घेतली. दुसऱ्या यंत्रावर सबंध प्रणाली बांधायची सोय आधीपासून केली आणि व्हॅक्स आजवर टिकवलं. मला यात नेटबीएसडीचा निर्णय योग्य वाटतो, पण ओपनबीएसडीची शंका मात्र खरी आहे.

याहून सूक्ष्म धोका वर्तुळाचा. जपानच्या शार्प एक्स६८००० घराण्यासाठी नेटबीएसडीच्याच एका विकसकाने एक्सएम६आय हा इम्युलेटर लिहिला. कारण जुने इम्युलेटर खेळांसाठी बनवलेले होते आणि नेटबीएसडीला लागणारा मेमरी-व्यवस्थापनाचा भाग त्यांत नव्हता. ओम्रॉनच्या लुना वर्कस्टेशनांसाठीचा ‘नोनो’ही याच घरचा. हे काम मोठं आहे. पण जो इम्युलेटर एका प्रणालीच्या गरजेतून वाढतो, त्यात त्या प्रणालीला न लागणारे कोपरे रिकामे राहतात, आणि पुढे तोच इम्युलेटर ती प्रणाली बरोबर असल्याची साक्ष देऊ लागतो. क्यूइम्यूत मॅकिंटॉश क्वाड्रा ८०० हे यंत्र २०१९ च्या ४.२ आवृत्तीत आलं ते लोरां व्हिव्हिए यांच्या कामातून, आणि लिनक्स चालवण्याच्या उद्देशाने. लिनक्स त्यावर छान चाले. मग मार्क केव्ह-आयलंड यांनी त्याच नकली यंत्रावर ॲपलची मूळ मॅकओएस आणि ए/यूएक्स सुरू करायचं ठरवलं, तेव्हा उणिवांची रांग लागली. लिनक्स ज्या बिटांकडे पाहतच नव्हतं, ते ॲपलची रॉम पाहत होती. २०२३ पर्यंत या उणिवा भरून निघाल्या. एका प्रणालीने तपासलेलं नकली यंत्र अर्धंच तपासलेलं असतं, हे या घटनेतून सिद्ध झालं.

वर्तुळ पूर्णपणे तुटल्याचं उदाहरण युनिक्सच्या पहिल्या रूपाचं. केन थॉम्पसन यांनी १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये ते पीडीपी-७ वर लिहिलं. त्याची यंत्रावर चालणारी एकही प्रत उरली नव्हती. उरले होते छापील कोडचे कागद. २०१६ मध्ये वॉरन टूमी आणि युनिक्सचा वारसा जपणाऱ्या त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कागदांच्या स्कॅन केलेल्या प्रतींवरून कोड पुन्हा टंकलं, त्यासाठी असेंब्लर लिहिला, आधी नुसते प्रोग्रॅम चालवणारा छोटा सिम्युलेटर केला आणि मग सिमएचच्या पीडीपी-७ वर कर्नल उभा केला. जे प्रोग्रॅम कागदांत नव्हते ते नव्याने लिहिले. इथवर सगळं इम्युलेटरवरच. २०१९ मध्ये सिॲटलच्या लिव्हिंग कॉम्प्युटर्स संग्रहालयातल्या खऱ्या, चालू पीडीपी-७ वर हे युनिक्स सुरू झालं. मूळ जातीची चकती मिळणं शक्य नव्हतं, म्हणून तिची नक्कल करणारं नवं उपकरण यंत्राला जोडलं. पन्नास वर्षांपूर्वीची प्रणाली, तिच्याच जातीच्या यंत्रावर, मध्ये इम्युलेटरच्या पुलावरून आलेली. माझ्या मते या सबंध विद्येचं इतकं पूर्ण उदाहरण दुसरं नाही.

ते संग्रहालय २०२० मध्ये बंद झालं आणि त्याच्या संग्रहातल्या वस्तू २०२४ मध्ये लिलावात गेल्या. चालू स्थितीतली जुनी यंत्रं अशी कमी होत आहेत, आणि त्याबरोबर इम्युलेटरला चूक ठरवू शकणारा साक्षीदारही कमी होतो आहे. डीईसीच्या यंत्रांबाबत थोडी सोय आहे. कंपनीचे तंत्रज्ञ दुरुस्तीसाठी वापरत ते मूळ तपासणी-प्रोग्रॅम उपलब्ध आहेत, आणि सिमएचचे कर्ते ते आपल्या सिम्युलेटरवर चालवून पाहतात. यंत्र घडवणाऱ्यांनीच लिहिलेली ती परीक्षा. १९९० नंतरच्या कित्येक चिपांसाठी असे प्रोग्रॅम कंपन्यांच्या बाहेर कधी आलेच नाहीत.

त्यांच्यासाठी परीक्षा आपणच लिहायला हवी, आणि तिची पद्धत तयार आहे. नेटबीएसडीकडे ‘अनिता’ नावाचं एक साधन आहे. ते क्यूइम्यू आणि सिमएचसारख्या इम्युलेटरांवर नेटबीएसडी आपोआप बसवतं आणि चाचण्यांचा मोठा संच चालवून निकाल नोंदवतं. तोच संच खऱ्या यंत्रांवरही चालतो. दोन्हीकडचे निकाल शेजारी ठेवले आणि एखादी चाचणी इथे उत्तीर्ण, तिथे नापास असं दिसलं, की चूक कर्नलची की इम्युलेटरची हे शोधायला जागा सापडते. ज्यांच्याकडे जुनं अमिगा, व्हॅक्सस्टेशन किंवा सनचं यंत्र अजून चालू आहे, त्यांनी ते नुसतं जपण्यापेक्षा त्यावर हा संच चालवून निकाल प्रसिद्ध करणं अधिक मोलाचं आहे, आणि ते यंत्र चालू आहे तोवरच करता येण्यासारखं आहे.